डबा चालू झाला की आधी कोण धावतं?

कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. मोटार स्टार्टरचे कंट्रोलर हे रोजचं काम, आणि गेल्या काही हंगामांपासून द्राक्षबागेत बसवायचं हवामान यंत्र. यंत्र हा आमचा शब्द. तासगाव, कवठेमहांकाळकडचे बागायतदार त्याला डबा म्हणतात, आणि आता आम्हीही डबाच म्हणतो. आत तापमान आणि आर्द्रतेचा सेन्सर, पानाच्या ओलाव्याचा सेन्सर, पर्जन्यमापक, मोडेम आणि मधोमध एसटीएम३२एफ४०७ ही चिप. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर पान किती तास ओलं राहिलं यावर डाऊनीचा (केवडा रोगाचा) फवारा घ्यायचा की थांबायचं हे ठरतं. त्यामुळे डबा नेमका ढगाळ दिवसांत गप्प बसला तर फोन येतात.

"सायेब, लाल दिवा लागलाय, पर मोबाइलवर काय बी दिसंना."

यावर आमच्याकडे एकच उत्तर असायचं: "आण्णा, एकदा बंद करून चालू करा." जुनं फर्मवेअर, म्हणजे चिपमधला प्रोग्रॅम, फ्रीआरटीओएस या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमवर होतं आणि खरं सांगायचं तर चांगलं होतं. फक्त ते बंद पडलं की आत काय झालंय हे विचारायला जागाच नव्हती. लाल दिव्याचा अर्थ एवढाच की तीन पॉइंट तीन व्होल्ट येतायत. म्हणून पुढची आवृत्ती नटएक्सवर न्यायचं ठरवलं. ग्रेगरी नट यांनी ही ऑपरेटिंग सिस्टिम २००७ मध्ये बाहेर काढली आणि २०२२ पासून ती अपाचेच्या मुख्य प्रकल्पांपैकी एक आहे. लिनक्सवर काम केलेल्या माणसाला तिच्यात फार परकं वाटत नाही: फाइली आहेत, ओपन-रीड-राइट आहे, सेन्सर स्लॅश डेव्हखाली दिसतात आणि सीरियल पोर्टवर एक छोटी शेलही, म्हणजे कमांड टाइप करायची जागा, मिळते. १ एमबी फ्लॅश आणि १९२ केबी रॅममध्ये हे सगळं आरामात बसतं.

बोर्डसाठीची तयार एनएसएच (ही नटएक्सची शेल) कॉन्फिगरेशन घेतली, आमचा प्रोग्रॅम ॲप्सच्या फोल्डरमध्ये टाकला, मेनूकॉन्फिग या सेटिंगच्या यादीत त्याच्यापुढे टिक केली, बिल्ड केलं, फ्लॅश केलं. स्क्रीनवर शेलचा प्रॉम्प्ट आला आणि पुढे काहीच नाही.

आमच्याकडे नुकताच कॉलेजमधून आलेला एक मुलगा आहे, हुशार. तो म्हणाला, "सर, आपला प्रोग्रॅम गेला कुठं?"

हेल्प टाइप केलं तर यादीत खाली आमच्या प्रोग्रॅमचं नाव दिसत होतं. ते नाव टाइप करून एंटर मारला तर प्रोग्रॅम सुरू झाला, तापमान छापू लागला. म्हणजे तो फ्लॅशमध्ये होता, धडधाकट होता. आपणहून त्याला कोणी हाक मारत नव्हतं एवढंच.

त्या मुलानं डीबगर (प्रोग्रॅम हवा तिथे थांबवून आत बघायचं साधन) लावला आणि सवयीनं मेनवर ब्रेकपॉइंट टाकायला गेला. डीबगरनं उत्तर दिलं की मेन नावाचं फंक्शनच नाही. सी शिकताना पहिल्या तासाला सांगतात की प्रोग्रॅम मेनपासून सुरू होतो. इथे शेकडो फाइलींचं फर्मवेअर चालतंय आणि त्यात मेनच नाही! त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

त्यामागे साधं कारण आहे. नटएक्सच्या नेहमीच्या, म्हणजे फ्लॅट बिल्डमध्ये कर्नल आणि सगळे ॲप्स लिंक होऊन एकच बायनरी बनते. प्रत्येक ॲपच्या सोर्समध्ये मेन असतोच, पण एका बायनरीत त्याच नावाची दोन फंक्शनं राहू शकत नाहीत. म्हणून बिल्ड करताना मेकफाइल (बिल्डच्या सूचनांची फाइल) प्रीप्रोसेसरकडून मेनचं नाव बदलून घेते: हॅलोचा होतो हॅलो_मेन, शेलचा एनएसएच_मेन, आमचा डबा_मेन. एका वर्गात तीन सचिन असले की मास्तर आडनावानं हाक मारतात, तसलाच प्रकार.

मग खालून वर यायचं ठरवलं. चिपला ऑपरेटिंग सिस्टिम वगैरे काही ठाऊक नसतं. कॉर्टेक्स-एम जातीचा प्रोसेसर रीसेट झाला की शून्य पत्त्यावरचे पहिले दोन शब्द वाचतो. पहिला स्टॅक पॉइंटरमध्ये (स्टॅक म्हणजे फंक्शनांची तात्पुरती मेमरी) टाकतो, दुसऱ्यात लिहिलेल्या पत्त्यावर उडी मारतो. एसटीएम३२ मध्ये बूटची पिन खाली असली की शून्यावर फ्लॅशचाच भाग दिसतो, ज्याचा मूळ पत्ता हेक्समध्ये ०८०००००० आहे. डीबगरमधून ते दोन शब्द वाचले. दुसरा आकडा विषम होता. पत्ता विषम कसा, असं तो मुलगा विचारणार एवढ्यात त्यालाच आठवलं: शेवटचा बिट एक म्हणजे थंब मोड, आणि या प्रोसेसरला दुसरा मोडच नाही.

पहिला शब्द मला जास्त बोलका वाटला. इतर ठिकाणी तिथे बहुधा रॅमच्या अगदी टोकाचा पत्ता असतो. आमच्या जुन्या फर्मवेअरमध्येही तसाच होता. नटएक्सनं मात्र बीएसएसचा (सुरुवातीला शून्य असणाऱ्या व्हेरिएबलचा) भाग जिथे संपतो त्याच्या पुढे आयडल, म्हणजे दुसरं काम नसताना चालणाऱ्या, थ्रेडपुरता स्टॅक सोडून, तिथला पत्ता दिलेला. म्हणजे रीसेटनंतर जो कोड धावणार आहे तो पुढे आयडल टास्क होणार आहे, हे पहिल्याच शब्दात ठरून गेलेलं असतं. पुढचं वाचल्यावर ते पटलं. __स्टार्ट हे फंक्शन क्लॉक लावतं, बीएसएस पुसून शून्य करतं, डेटा फ्लॅशमधून रॅममध्ये आणतं. डीबगचा पर्याय चालू असेल तर प्रत्येक टप्प्यावर सीरियलवर एकेक अक्षर छापतं, ए, बी असं. डबा मध्येच अडकला तर शेवटचं अक्षर कुठलं यावरून जागा कळते. ही युक्ती मला फार आवडली. शंभर रुपयांच्या यूएसबी-सीरियल केबलवर होणारं निदान आहे हे. मग एनएक्स_स्टार्ट येतं. ते शेड्युलर (कोणता टास्क कधी चालेल हे ठरवणारा) उभा करतं, एनएक्स_ब्रिंगअपला हाक देतं आणि स्वतः कधीच परत येत नाही. तेच आयडल टास्क बनून बसतं, ज्याचा नंबर शून्य.

ब्रिंगअप पहिला खरा ॲप्लिकेशन टास्क जन्माला घालतं. कुणाचा? तर कॉन्फिगरेशनमधल्या इनिट एंट्रीपॉइंट या ओळीत ज्याचं नाव असेल त्याचा. आमच्या फाइलीत तिथे लिहिलं होतं एनएसएच_मेन.

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण नवीन मुलं हमखास तिथे अडखळतात. लिंकर स्क्रिप्टमध्येही एंट्री नावाची एक ओळ असते. ती बदलून प्रोग्रॅमची सुरुवात बदलेल असं वाटतं. बदलत नाही. ती ओळ बिल्डमधून निघणाऱ्या ईएलएफ फाइलीच्या हेडरमध्ये जाते, डीबगरला उपयोगी पडते, नको असलेला कोड गाळताना लिंकर तिथून सुरुवात करतो. चिपमध्ये जाते ती नुसती बायनरी. हेडर तिथवर पोचतच नाही. चिप बघते फक्त ते दोन शब्द.

जुन्या फ्रीआरटीओएसवर हे सगळं सरळ होतं. मेन आपला, टास्क आपण बनवायचे, शेवटी शेड्युलर सुरू करायचा आणि आयडल टास्कपुरती मेमरी असेल तर तो परत येत नाही. तिथेही एक खाच होतीच: कॉर्टेक्स-एमवर शेड्युलर सुरू होताना मुख्य स्टॅक पुन्हा पहिल्यापासून वापरायला घेतात, त्यामुळे मेनमधले लोकल व्हेरिएबल पुढे भरवशाचे राहत नाहीत. ईएसपी३२ या चिपवर त्याच फ्रीआरटीओएसमध्ये मेनच्या जागी ॲप_मेन येतो. तो स्वतःच एक टास्क असतो आणि परत आला तरी बाकीचे टास्क चालू राहतात. झेफर या आणखी एका सिस्टिममध्येही मेन संपला तरी इतर थ्रेड धावतात, आणि शिवाय तिथे कॉन्फिगरेशनमधूनच उभे राहिलेले थ्रेड असू शकतात, मेनच्या आधीपासून. प्रत्येक सिस्टिमनं आपापला पहिला मानकरी ठरवून ठेवलाय. तो कोण हे वाचून घेतल्याशिवाय पुढचा कोड लिहायला बसू नये.

आता आमचा प्रश्न. माझा भागीदार धंद्याची बाजू बघतो, पण तोही मूळचा इलेक्ट्रॉनिक्सवालाच. त्याचं म्हणणं साधं होतं: "बागेतल्या डब्यात शेलचं काय काम? त्या ओळीत आपल्या प्रोग्रॅमचं नाव घाल आणि मोकळा हो."

घातलं. डबा_मेन लिहिलं, बिल्ड केलं. या वेळी प्रॉम्प्ट गेला, आमची पहिली ओळ छापली गेली, आणि लगेच दुसरी ओळ: ओलाव्याच्या सेन्सरची एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) फाइल उघडता येत नाही, एरर दोन. एरर दोन म्हणजे अशी फाइलच नाही. तोच बोर्ड, तोच सेन्सर, तोच कोड, जो मघाशी शेलवरून हाक मारल्यावर व्यवस्थित आकडे देत होता.

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत शिकण्यासारखा वाटला तो हा भाग, म्हणून जरा सविस्तर लिहितो. स्लॅश डेव्हखाली एडीसी, आय-टू-सी वगैरे नावं आपोआप उगवत नाहीत. बोर्डच्या फोल्डरमधलं ब्रिंगअपचं फंक्शन (मघाचं एनएक्स_ब्रिंगअप नव्हे) प्रत्येक ड्रायव्हरची नोंद करतं तेव्हा ती दिसतात. आमच्याकडच्या व्हर्जनमध्ये आणि आमच्या बोर्डच्या कॉन्फिगरेशनमध्ये त्या फंक्शनला हाक मारत होती ती शेल! एनएसएच सुरू होताना बोर्डकंट्रोलच्या कॉलमधून बोर्डला सांगते की आता तुझं सगळं लाव. आम्ही शेलला दारातूनच परत पाठवलं, आणि तिच्याबरोबर ड्रायव्हर लावणाराही गेला. कर्नल शाबूत, प्रोग्रॅम शाबूत, पण मधलं घर रिकामं.

यावर दोन वाटा. एक, आपल्या प्रोग्रॅमच्या सुरुवातीला तोच बोर्डकंट्रोलचा कॉल आपण करायचा. दुसरी, मेनूकॉन्फिगमध्ये बोर्डचं लेट इनिशियलायझेशन चालू करायचं, म्हणजे पहिला ॲप्लिकेशन टास्क सुरू व्हायच्या आधी कर्नलच बोर्ड लावून घेतो. आम्ही दुसरी घेतली. पहिला मानकरी कोणीही असो, ड्रायव्हर त्याच्या मर्जीवर राहू नयेत असं माझं मत आहे.

ड्रायव्हर आले, आकडे आले. थोड्या वेळानं मोडेम सुरू होताना डबा हार्ड फॉल्टमध्ये गेला, म्हणजे चिप गंभीर चुकीवर अडकली. शेलवरून चालवताना हे कधी झालं नव्हतं. त्या मुलानं हे पटकन पकडलं, त्याचं कौतुक. आमच्या ॲपच्या मेकफाइलमध्ये स्टॅकचा आकार आणि प्रायॉरिटी लिहिलेली होती, पण ते आकडे शेल जेव्हा बिल्ट-इन ॲप म्हणून प्रोग्रॅम सुरू करते तेव्हा वापरले जातात. एंट्रीपॉइंट म्हणून जो पहिला टास्क जन्मतो त्याचा स्टॅक आणि प्रायॉरिटी इनिटच्या वेगळ्या सेटिंगमधून येतात. तिथला आकडा शेलला पुरेसा होता, आमच्या मोडेमच्या बफरला नव्हता. तो वाढवला आणि फॉल्ट थांबला.

आता भागीदाराला हवं तसं झालं होतं: वीज आली की थेट आमचा प्रोग्रॅम. डबा टेबलावर ठेवून चालत राहू दिला, काही तक्रार नाही. पण माझं मन खात होतं. हे सगळं सुरू केलं ते डब्याला विचारता यावं म्हणून, आणि विचारायचं तोंडच आम्ही काढून टाकलं होतं. प्रोग्रॅम मेला तर त्याच्या जागी काहीच नाही, फक्त आयडल टास्क. जुन्या फर्मवेअरपेक्षा वेगळं काय मिळवलं मग?

तिसरी रचना मग अशी केली. एंट्रीपॉइंट पुन्हा एनएसएच_मेन. ईटीसी फोल्डर रॉमएफएस या फक्त वाचता येणाऱ्या फाइल सिस्टिमची इमेज होऊन फर्मवेअरमध्येच बसतो; त्यातली आरसीएस ही स्क्रिप्ट शेल सुरू होतानाच वाचते. त्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ: आमच्या प्रोग्रॅमचं नाव आणि पुढे अँपरसँड, म्हणजे मागे चालत राहा. वीज आली की शेल येते, शेल आमच्या प्रोग्रॅमला हाक मारते आणि स्वतः सीरियलवर प्रॉम्प्ट घेऊन बसून राहते. स्टॅकचा आकार आता आमच्या मेकफाइलमधला लागतो, बोर्ड कर्नल लावतो.

भागीदारानं आक्षेप घेतले आणि ते रास्त होते. शेलनं फ्लॅश खाल्ली. एक एमबीत मला त्याचं काही वाटलं नाही. सीरियल पोर्ट उघडा राहिला तर कोणीही लॅपटॉप लावून आत शिरेल. त्यासाठी कन्सोलला लॉगिन लावलं आणि कनेक्टर झाकणाच्या आत नेला, जिथे पोचायला चार स्क्रू काढावे लागतात. तिसरा आक्षेप वॉचडॉगचा, म्हणजे वेळेत थोपटलं नाही तर चिप रीसेट करणाऱ्या टायमरचा; तो खरा जड होता. या चिपमधला स्वतंत्र वॉचडॉग एकदा सुरू केला की रीसेटशिवाय थांबत नाही, आणि त्याला जास्तीत जास्त साधारण ३२ सेकंद मिळतात. प्रोग्रॅम मेला की तेवढ्यात डबा रीसेट होणार, मग शेल असून मी तिथे बघणार काय? यावर आम्ही असं केलं: वॉचडॉगला थोपटायचं काम आमच्या मुख्य लूपकडे ठेवलं, मोडेमचं बोलणं वेगळ्या थ्रेडमध्ये टाकलं. मोजणं थांबलं तर रीसेट, नुसतं पाठवणं थांबलं तर डबा मोजत राहतो, एसडी कार्डावर लिहित राहतो आणि विचारायला जिवंत असतो.

मणेराजुरीकडच्या एका बागेत याचा उपयोग झाला. तोच फोन, तोच लाल दिवा. या वेळी बंद करून चालू करा असं सांगितलं नाही. उलट "आण्णा, हात लावू नका, येतोय" म्हटलं. मंडपाखाली वाकून स्क्रू काढले, केबल लावली, लॉगिन केलं, पीएस (चालू टास्कची यादी दाखवणारी कमांड) टाइप केलं. यादीत आयडल, शेल, आमचा मुख्य टास्क सगळे जागेवर. मोडेमचा थ्रेड मात्र सेमाफोरवर वाट बघत बसलेला, म्हणजे सीरियलवरून मोडेमचं उत्तर यायची वाट. दोन मिनिटांनी पुन्हा पीएस, तिथेच. कार्डावरची आजची फाइल कॅट करून बघितली तर ओलाव्याचे आकडे ओळीनं लिहिलेले, एकही खाडा नाही. सॉफ्टवेअर सोडून मी थेट मोडेमच्या वीजजोडणीकडे बघितलं. आत मुंगळ्यांनी घर केलं होतं आणि कनेक्टर अर्धा वर आला होता. साफ करून दाबून बसवला.

आण्णा बाजूला उभे राहून स्क्रीनकडे बघत होते. म्हणाले, "आता ह्यो बोलतोय म्हणा की तुमच्यासंगट." आणि लगेच: "मग रात्री पान किती वेळ वलं हुतं, त्ये सांगा." तो आकडा त्यांना मोबाइलवर पोचायच्या आधी प्रॉम्प्टवरून वाचून दाखवला.

शेल तळाशी आधाराला ठेवायची ही कल्पना आमची नव्हे. लिनक्सच्या कर्नलमध्येही हेच आहे. कमांड लाइनवर वेगळं काही सांगितलेलं नसेल तर तो स्लॅश एसबिन स्लॅश इनिट हा पहिला प्रोग्रॅम शोधतो, मग ईटीसीतला, मग बिनमधला, आणि यातलं काहीच मिळालं नाही तर शेवटी शेल चालवून बघतो. तीही नसेल तर चालण्याजोगा इनिट सापडला नाही असं सांगून पॅनिक करतो, म्हणजे तिथेच थांबतो. आमच्या ऑफिसातल्या गेटवेच्या बोर्डवर चुकीची रूट फाइल सिस्टिम लागली की हा संदेश बघायला मिळतो, म्हणून पाठ आहे.

भागीदार अजून पूर्ण वळलेला नाही. मोटार स्टार्टरच्या कंट्रोलरमध्ये त्यानं शेल घालू दिली नाही, आणि तिथे तो बरोबर आहे: ते यंत्र पंपाशेजारी भिंतीवर असतं, त्याला विचारण्यासारखं फार काही नसतं, ते मेलं तर लगेच रीसेट होऊन मोटार बंद राहणं हेच हवं असतं. तिथे एंट्रीपॉइंटच्या ओळीत थेट कंट्रोलरचं नाव आहे.

सध्या वाद वेगळ्याच गोष्टीवर चाललाय. नटएक्समध्ये एंट्रीपॉइंटच्या जागी फाइलीचा पत्ताही देता येतो, म्हणजे सुरुवातीलाच एसडी कार्ड माउंट करून त्यावरचा प्रोग्रॅम उचलून चालवायचा. अपडेट करायला कार्ड बदललं की झालं, बागेत प्रोग्रॅमर न्यायला नको. त्या मुलानं टेबलावर ते चालवूनही दाखवलं. भागीदारानं बघितलं, कार्ड खाचेतून बाहेर ओढलं, रीसेटचं बटण दाबलं आणि विचारलं, "आणि कुणी फोनमध्ये घालायला म्हणून हे काढून नेलं तर?"